मागच्या ब्रेकचा गंजलेला पत्रा कापण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की आमच्या रत्नागिरीतल्या गॅरेजांमध्ये मागच्या चाकातून खरखर ऐकू येते अशी तक्रार घेऊन जुन्या मोटारींचे मालक येऊ लागतात. ज्यांच्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना डिस्कच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीच्या) आतल्या बाजूचा गंजलेला पत्रा कापून टाकण्याचा सल्ला मिळतो. 'तो नुसता धुळीचा पत्रा, नसला तरी चालतं,' असे वर सांगितले जाते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक म्हणून उमेदीची वर्षे घालवल्यामुळे, आणि हा सल्ला स्वतःच्या गाडीवर भोगल्यामुळे, याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

आपल्याकडे ज्याला डस्ट कव्हर किंवा नुसते 'पत्रा' म्हणतात, ती डिस्कच्या मागे बसवलेली पातळ पोलादी तबकडी चाकाने उडवलेला चिखल, खडी आणि पाणी डिस्कच्या आतल्या तोंडावर येऊ देत नाही. पुढच्या ब्रेकवर भार अधिक असल्याने ते तापतात आणि लवकर कोरडे होतात. मागचे त्यामानाने थंड राहतात आणि त्यांच्या पत्र्याच्या दुमडीत साचलेला जांभ्याचा लाल चिखल दिवसच्या दिवस ओला राहतो. त्यात समुद्रावरचा खारा वारा, आणि मिरकरवाड्याकडून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांतून रस्त्यावर गळणारे बर्फाचे खारे पाणी. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे पत्र्याला पापुद्रे सुटतात, तो फुगतो, वाकतो आणि डिस्कला घासू लागतो. खरखर येते ती इथून. (कधीकधी डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये नुसता एक खडा अडकलेला असतो आणि तो काढताच आवाज थांबतो, म्हणून आधी तेवढे पाहून घ्यावे.)

माझी गाडी २००८ सालची. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर पुनर्नोंदणीसाठी ती न्यायची होती, मागून आवाज येत होता आणि मी तेव्हा आजारी असल्याने मुलाने ती एका गॅरेजमध्ये दिली. तिथे दोन्ही बाजूंचे पत्रे ग्राइंडरने अर्धे कापून काढले. आवाज गेला, गाडी पासही झाली. पुढचा पावसाळा संपल्यावर मी चाक उतरवले तेव्हा डिस्कचे बाहेरचे तोंड गुळगुळीत होते, आणि आतल्या तोंडावर मात्र नखाला सहज लागतील अशा गोलाकार खाचा पडल्या होत्या. आतले पॅड (डिस्कला दाबून धरणारी घर्षणपट्टी) बाहेरच्यापेक्षा निम्मे उरले होते. पत्र्याच्या पैशात होणारे काम डिस्कच्या पैशावर गेले.

तरीही माझे नुकसान किरकोळच म्हणायचे, कारण माझ्या गाडीचा हँडब्रेक कॅलिपरमधूनच, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यातूनच, चालतो आणि तिथला पत्रा खरोखरच केवळ आडोशाचा आहे. अनेक मोटारींत मात्र मागच्या डिस्कच्या मधल्या खोलगट भागात एक छोटा ड्रम असतो आणि हँडब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासून तो धरणारे अर्धगोल तुकडे) त्यात उघडतात. ते लायनर जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना याच पत्र्याच्या भोकांतून आलेल्या असतात. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत ती भोके गंजून खाल्ली गेली होती. पिन निसटली, लायनर आत तिरका झाला आणि आंबा घाटात चहाला थांबले असताना ओढलेल्या हँडब्रेकने गाडी धरली नाही. सुदैवाने गाडी गिअरमध्ये होती. अशा गाडीचा पत्रा नुसता कापून चालत नाही, तो बदलावाच लागतो. आणि ज्यांच्या गाडीला मागे पूर्ण ड्रम ब्रेक आहेत त्यांची ड्रममागची, याच पत्र्याच्या जागी असलेली प्लेट तर ब्रेकचा सगळा जोर सोसत असते. तिला ग्राइंडर लावण्याचा विचारही करू नये.

पत्रा काढण्याचे काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. जमीन सपाट हवी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून मग हँडब्रेक सोडावा आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावी. कॅलिपर सोडवल्यावर तो तारेने वर बांधावा, होजवर, म्हणजे ब्रेक तेलाच्या रबरी नळीवर, लोंबकळू देऊ नये. डिस्क हबला (चाक ज्यावर बसते त्या मधल्या फिरत्या भागाला) गंजाने चिकटलेली असते. बऱ्याच डिस्कना त्यासाठीच आटे पाडलेली दोन भोके असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडेथोडे आवळत गेल्यास ती सुटून येते. तिथे घण घालून डिस्क ठोकणारे अधीर कारागीर मी पुष्कळ पाहिले, आणि त्या ठोक्यांनी बेअरिंग वाजू लागल्यावर दुसऱ्यांदा बिल फाडणारेही. पत्र्याच्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे. ज्योतीने तापवायचे झाल्यास शेजारी बेअरिंगचे रबरी सील आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर आहे हे विसरू नये. तो सेन्सर वर्षानुवर्षे गंजात रुतलेला असतो आणि पक्कडीने ओढला की हमखास तुटतो, म्हणून शक्य असेल तर त्याला हातच लावू नये.

ग्राइंडरला माझा विरोध याच जागेसाठी आहे. त्याच्या ठिणग्या ब्रेकच्या होजवर पडतात, आणि बहुतेक मोटारींत पेट्रोलची टाकीही तिथून हातभर अंतरावर असते. आडोशाचाच पत्रा असेल तर तो पत्रा कापण्याच्या कात्रीने निघतो. नवा पत्रा अखंड बसवायचा तर अनेक गाड्यांत हब आणि बेअरिंग उतरवावे लागते आणि खर्च तिथेच वाढतो. त्यावर जुन्या मिस्त्रींची युक्ती अशी, की नव्या आडोशाच्या पत्र्याला एका बाजूने चीर देऊन तो किंचित उघडायचा, हबवरून सरकवायचा आणि चिरेच्या कडांना गंजरोधक रंग लावायचा. हँडब्रेकचे लायनर धरणाऱ्या पत्र्याला मात्र ही युक्ती लावू नये. शिवाय ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत.

गॅरेजवाल्यांचीही बाजू आहे. जुन्या मॉडेलचा हा पत्रा इथल्या दुकानांत सहसा मिळत नाही, मागवावा लागतो, आणि गिऱ्हाईक मात्र संध्याकाळपर्यंत गाडी मागते. म्हणून सुटे भाग विकणाऱ्यांना माझी विनंती आहे, की किनारपट्टीवर ज्या गाड्या अधिक चालतात त्यांच्या मागच्या पत्र्यांच्या निदान एक-दोन जोड्या त्यांनी ठेवाव्यात. आणि मोटारमालकांना एवढीच, की कापायला होकार देण्याआधी आपला हँडब्रेक कॅलिपरमध्ये आहे की डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये, हे मिस्त्रीला चाक उतरवून समोर दाखवायला सांगावे.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, रत्नागिरी