फ्यूज खिशात घालून स्टुलावर चढणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

आमच्या सोप्यातल्या वायरिंगच्या कामाचा तुमचा हिशेब त्याच दिवशी मिटला. मजुरी तुम्ही सांगितली तेवढीच दिली, वर पाव किलो कुंदा बांधून दिला. तोही तुम्ही नको नको म्हणत होतात, तुमच्या बरोबरच्या पोरानं पटकन पिशवीत टाकला म्हणून बरं. तरीही हे पत्र लिहितेय आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. बेळगावात, म्हणजे शहापुरात, वडगावात, खडेबाजारच्या मागच्या गल्ल्यांत आमच्यासारखी जुनी घरं अजून पुष्कळ आहेत. त्यांतल्या कितीतरी सोप्यांत असाच एखादा दिवा लोंबत असणार.

माझी तक्रार एवढीच होती, की दिवा बंद केला तरी मिणमिणतो. वर्षभरापूर्वी सोप्यातला 60 वॉटचा जुना बल्ब काढून 9 वॉटचा एलईडी लावला, तेव्हापासूनचं हे दुखणं. रात्री सगळे झोपले की काजव्यासारखा उजेड. सासूबाई म्हणायच्या, "राहू दे, रात्री उठल्यावर वाट दिसते." दुकानदार म्हणाला बल्ब खराब, म्हणून दोन बल्ब बदलले. यंदा तरणा पाऊस लागला, भिंती ओलावल्या आणि मिणमिण वाढली. तेव्हा कुठे शेजारच्या काकूंनी तुमचा नंबर दिला.

तुम्ही आल्या आल्या बल्बकडे बघितलंही नाहीत. "पावसात जास्त होतं काय?" एवढंच विचारलंत. मग स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये टेस्टर घालून तो पेटतो का ते आधी पाहिलंत. टेस्टरच मेलेला असेल तर तो खोटं सांगणार, हे माझ्या डोक्यात आलं नसतं. मग सोप्यातलं काळं गोल बटण बंद केलंत, बल्ब काढलात आणि टेस्टर होल्डरच्या एका पिनेला टेकवलात. पेटला.

"अक्का, इकडं या. बटण बंद हाय नव्हं?"

"हो."

"मग हे काय?"

मामा, मी मराठी शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. घरगुती वीजजोडणीची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. लाल खडूनं फेज (वीज आणणारी तार), पांढऱ्यानं न्यूट्रल (परत नेणारी), हिरव्यानं अर्थिंग, आणि "स्विच नेहमी फेजवरच" हे वाक्य मुलांकडून दोनदा वदवून घेते. आणि माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर, बटण न्यूट्रलवर! "बल्ब विझतोय, पण फेज होल्डरपर्यंत येऊन बसलाय की," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या पोटात गोळा आला. या घरात आल्याला मला 12 वर्षं झाली. दर दिवाळीला मीच बटण बंद करून स्टुलावर चढते आणि ओल्या फडक्यानं होल्डर पुसते.

मिणमिणण्याचं कारणही तुम्हीच उलगडून सांगितलंत. फेज बल्बपाशी हजर, वायर जुनी, लाकूड-भिंत ओली, तिथून अगदी थोडा करंट झिरपत राहतो. तारेच्या बल्बला तेवढ्यानं काही होत नव्हतं, एलईडीला तेवढा पुरतो. म्हणजे दोष जुनाच, नव्या बल्बनं तो फक्त दाखवला. पण बल्ब मिणमिणला की जोडणी चुकलीच असंही नाही, लांबवर एकमेकींना लागून जाणाऱ्या वायरांमुळे बरोबर जोडणीतही तसं होतं, म्हणून टेस्टर लावून बघायचं, हेही तुम्ही सांगितलंत. ही दुसरी बाजू तुम्ही न सांगता खपवली असती तरी मला कळलं नसतं.

पुढचं मात्र मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही मेनस्विच पाडलात, आतले चिनी मातीचे दोन्ही फ्यूज उपसलेत आणि शर्टाच्या खिशात घातलेत. मला हसू आलं. विचारलं तर म्हणालात, "फ्यूज माझ्या खिशात असला की खाली कुणी शहाणा मेन चालू करूं दे, मी वर जिवंत." अर्ध्या तासात त्याचा प्रत्यय आला. सासूबाई कपिलेश्वराला जाऊन आल्या, घरात अंधार बघून सवयीनं मेनस्विचकडे हात. तुमचा पोरगा "मुट्टब्याड!" म्हणून ओरडला, आणि कानडी येत नसल्याचा आव आणणाऱ्या आमच्या सासूबाईंनी तो शब्द बरोब्बर ओळखून हात मागे घेतला. तुम्ही स्टुलावरून शांतपणे खिशावर थापटी मारलीत.

तक्तपोशीची एक फळी सरकवल्यावर मूळ सापडलं. कधीतरी पंख्याचा पॉइंट वाढवताना तिथे जोड दिला होता आणि त्यात फेज-न्यूट्रलची अदलाबदल झाली होती. दोन्ही वायरी रबराच्या, धुळीनं सारख्याच काळ्या. चिकटपट्टी वाळून पापुद्र्यासारखी निघाली आणि बोट लावताच रबराचा भुगा झाला. ते वायरिंग सासऱ्यांनी ओळखीच्या माणसाकडून करून घेतलेलं. मला वाटलं, आता तुम्ही "कुठल्या येड्यानं केलंय हे" म्हणणार, आणि सासूबाई खाली उभ्या होत्या. तुम्ही म्हणालात, "पट्टीवरचं काम बघा किती सरळ केलंय. एक जोड चुकला, बाकी हात चांगला होता." सासूबाईंनी त्यानंतर तुम्हाला न विचारता दुसरा चहा ठेवला.

बाकी काम मी दारातूनच बघत होते. दगडमातीची दीड फुटी भिंत फोडायची नाही, हे तुम्हीच ठरवलंत. तुळईच्या कडेनं पीव्हीसीची पट्टी, आत तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची नवी वायर. फेज आधी बटणात आणि तिथून हाफ वायर, म्हणजे बटणापासून दिव्यापर्यंतची तार, होल्डरला; न्यूट्रल थेट होल्डरला. सासऱ्यांनी आणलेली दुधी काचेची शेड मी टाकायला निघाले होते. तुम्ही तुळईत हूक मारून ती साखळीला टांगलीत, वजन वायरवर येऊ नये म्हणून. सीलिंग रोजच्या, म्हणजे दिव्याची वायर जिथून खाली येते त्या छतावरच्या गोल डबीच्या, आत वायरीला गाठ कशी मारायची, म्हणजे ओढ स्क्रूवर न जाता गाठीवर जाते, तेही माझ्याकडून एकदा करून घेतलंत. माझी गाठ सुटली. तुम्ही हसला नाहीत.

न्यूट्रलवरचा फ्यूज तुम्ही कायमचा काढलात. तो आधी उडाला तर दिवे जातात आणि फेज मात्र घरभर तसाच, हे सांगताना तुमचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. उरलेल्या फ्यूजमध्ये कुणीतरी पंख्याच्या वायरीची जाड तार घातली होती. कुणीतरी म्हणजे मीच, मामा. तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही. आता त्या फ्यूजच्या जागी एमसीबी आहेत (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच), दिव्यांसाठी 6 अँपिअरचे, आणि शेजारी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच). परड्यात कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डाही झाला. मीटरच्या सीलला मात्र तुम्ही हात लावला नाहीत. ते हेस्कॉमचं, वीज कंपनीचं, म्हणालात.

चौथ्या रात्री मुसळधार पावसात आरसीसीबी पडला. उचलला, पुन्हा पडला. सासूबाई: "जुनं होतं ते कधी पडत नव्हतं." रात्री साडेदहाला तुम्ही फोन उचललात, हाच मोठा उपकार. "पुन्हा पुन्हा उचलू नका अक्का, तो काहीतरी सांगायलाय. सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी चालू करत या." बाहेरच्या दिव्याचा एमसीबी लावला की पडत होता. सकाळी बघितलं तर ओसरीतल्या होल्डरमध्ये पाणी. तो दिवा तेव्हापासून बंद ठेवलाय. कामाच्या दिवशी त्याचाही विषय निघाला होता, आणि मी "तो राहू दे, जास्त पैसे होतील" म्हटलं होतं.

सगळं घर एकदम बदलून घ्या, असं तुम्ही सहज म्हणू शकला असता. मी घाबरलेली होते, हो म्हटलं असतं. तुम्ही कागदावर लिहून दिलंत: माजघर या वर्षी, माडी पुढच्या, न्हाणीघर आधी. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

तुम्ही काढलेला न्यूट्रलचा फ्यूज मी शाळेत नेला. दहावीच्या पोरांनी तो हातोहात फिरवून बघितला आणि एकानं विचारलं, "बाई, आमच्या घरात पण असाच हाय. बटण कुठल्या वायरवर हाय ते कसं कळणार?" टेस्टर घेऊन हुंदडू नका, एवढं आधी बजावलं, मग बाकीचं सांगितलं.

न्हाणीघर आणि ओसरी दिवाळीआधी करायचं आहे. तुम्ही ज्याला शिव्या घातल्या होत्या ते स्टूल सुताराकडून चौथ्या पायाला पाचर मारून घेतलंय, आता डुगडुगत नाही.

तुमची,
शहापूरची अक्का