गव्हाण रिकामी, पण खाल्लं कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुक्त गोठ्यावरचा, म्हणजे गुरं न बांधता मोकळी ठेवायच्या गोठ्यावरचा, आपला लेख वाचला. गोठा कसा बांधायचा, चारा किती टाकायचा, सगळं आलं. गुरं तो खातात कशी, हे पाहण्याबद्दल मात्र एक ओळ नाही. राजापूर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली, आता घरची गुरं बघतो. म्हणून राहवलं नाही.

सकाळी गव्हाण साफ दिसली की आपण खूश. दावणीला बांधलेल्या गुरांपुरतं ते ठीक. मोकळ्या गुरांत हिशेब बदलतो. शेजारच्या गोठ्यात कोकण कपिला जातीची एक गाय आहे. ती कुणाला मारत नाही, नुसती मान वळवून शिंग दाखवते. तेवढ्यानं कालवड मागे सरते आणि कोपऱ्यात उभी राहते. लांबून वाटतं रवंथ करतेय. जवळ जाऊन बघा, जबडा हलत नसतो. मोठ्या गाई जिभेनं पेंड-कोंडा वेचून खातात. त्या बसल्या की कालवड पुढे येते, तोवर पेंढ्याची बुडखं उरलेली. तीच ती चघळते आणि गव्हाण रिकामी होते! सरासरी काढा, प्रत्येकीला भरपूर मिळालेलं दिसेल.

अमेरिका-कॅनडात मांसासाठी हजारो गुरं वाड्यांत पोसतात, तिथे या पाहण्याचं शास्त्रच झालंय. (आपल्या महाराष्ट्रात गाईपाठोपाठ 2015 पासून बैलाचीही कत्तल बंद आहे, ठाऊक आहे मला. पण खाणं पाहायची रीत दुभत्या जनावराला तीच.) कानातला बिल्ला वाचून कुणी किती खाल्लं ते टिपणाऱ्या गव्हाणी तिकडे आहेत. आपल्याला त्या परवडायच्या नाहीत, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळ असते ते आपण जाणताच.

कागद-पेन्सिल पुरते. गुरांच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, रंगानं आकडे घालायचे. दर दहा मिनिटांनी सगळ्यांवर एक नजर: मान गव्हाणीत, रवंथ, नुसतं उभं, बसलेलं. टेक्सासमधल्या गुरांवरच्या 2001 च्या अभ्यासात दोन नजरांमध्ये पाव तासापर्यंतचा वेळ गेला तरी चाललं होतं. मात्र ढुशी, हुसकावणं क्षणात होतं. ते या नोंदीत निसटतं. त्यासाठी चारा टाकल्यापासून तासभर एकाच जनावरावर डोळा ठेवावा, आणि तेही सगळ्यात दबलेल्या. चारा घालणाऱ्यानंच नोंदी घेऊ नयेत. त्याला बघून बसलेली गुरंही उठतात, मग कसली नोंद? एप्रिल-मेच्या उकाड्यात गुरं दुपारचं खाणं रात्रीवर ढकलतात, तेव्हा रात्रही पाहावी लागते. तोंडावर टॉर्च मात्र मारू नये.

पहाटे नवा चारा टाकण्याआधी उरलेलं हातात घेऊन पाहावं. निव्वळ बुडखं असतील तर चारा बारीक कुट्टी करून पेंडीत नीट कालवा. मोठ्या जनावरामागे गव्हाणीची दोन-अडीच फूट जागा आहे का, तेही मोजा.

पंचायत समितीच्या शिबिरांत आहाराचे तक्ते वाटतात, चहा होतो, फोटो निघतात. त्यातला एक दिवस प्रत्यक्ष गोठ्यात ठेवावा आणि प्रत्येकाच्या हाती कोरा तक्ता द्यावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने असा तक्ता मराठीत छापला तर उत्तमच. तोवर कुणाला हवा असेल तर माझा हाताने आखलेला आहे; आपण छापणार असाल तर पाठवतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, ता. राजापूर