चिमे, ती पावती पुस्तकं अजून आहेत का?

चिमे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. आता चाळिशीत परत कॉलेज कशाला आणि तेही दानधर्माचं, असं विचारलंस ना, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितेय, दुपारी निवांत वाच.

इथे इंडियानापोलिसला इंडियाना युनिव्हर्सिटीची लिली फॅमिली स्कूल ऑफ फिलान्थ्रॉपी आहे. १९८७ मध्ये नुसतं एक सेंटर होतं, २०१२ मध्ये त्याचं वेगळं स्कूल झालं, या विषयाचं जगातलं पहिलं. लिली म्हणजे तीच औषधवाली एली लिली, त्या घराण्याचं नाव. नोकरी सोडावी लागत नाही ही सगळ्यात मोठी सोय, बरंचसं ऑनलाइन होतं. मी ऑफिसातून आले की पोरांची जेवणं उरकून साडेआठला लॅपटॉप उघडते, शनिवारची सकाळ पूर्ण अभ्यासाला. सोबतचे सगळे कामावरचेच लोक आहेत, कोणी हॉस्पिटलसाठी देणग्या गोळा करतं, कोणी चर्चचे हिशेब बघतं, एक बाई फूड बँकेचं गोडाऊन सांभाळते. त्यामुळे पुस्तकात काही आलं की लगेच कोणीतरी म्हणतं, आमच्याकडे हे असं होत नाही, आणि खरा क्लास तिथून सुरू होतो.

पण मी इथे का आले ते तुला माहितीये. आपण दोघींनी मुलींसाठी चालवलेली अभ्यासिका.

बंद झाली तेव्हा आपण दोघींनी काय म्हटलं होतं आठवतं? लोकांना पडलेली नाही, आणि आपणच कमी पडलो. मी ते अकरा वर्षं मनात घेऊन फिरतेय. आता हे शिकताना एकेक गोष्ट उलगडतेय आणि कधीकधी रात्री वाचता वाचता डोळ्यात पाणी येतं. कमी पडलो हे खरं, पण मनाने नाही गं, ते काम आपल्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

हँक रोसो नावाचे गृहस्थ होते, त्यांनी १९७४ मध्ये फंडरेझिंग, म्हणजे देणग्या गोळा करणं, शिकवायची शाळाच काढली, ती नंतर याच युनिव्हर्सिटीत आली. त्यांचं म्हणणं असं की संस्थेभोवती वर्तुळं असतात, पाण्यात दगड टाकल्यावर उठतात तशी. मधे विश्वस्त आणि रोजचं काम करणारे, मग जवळचे देणगीदार, ज्यांच्यासाठी काम चालतं ती माणसं, आणि जसं बाहेर जावं तशी ओढ कमी होत जाते. म्हणून मागायची सुरुवात आतून करायची, आणि मागणाऱ्याने आधी स्वतः द्यायचं. आपण काय केलं? थेट एका कंपनीच्या सीएसआरवाल्यांकडे, म्हणजे समाजकार्याचा निधी बघणाऱ्यांकडे गेलो. दोन वर्षं पैसे आले, आपण निश्चिंत, तिसऱ्या वर्षी त्यांचा फोकस बदलला आणि सगळं थांबलं. आणि आपल्या मुलींच्या आईवडिलांना आपण एकदाही विचारलं नाही, त्यांना कशाला त्रास म्हणून. त्यांना पन्नास रुपये द्यायचा मान आपण दिला नाही, असं मला आता वाटतं.

इथे अमेरिकेतसुद्धा सगळ्यात जास्त पैसा कंपन्यांकडून येत नाही बरं का. २०२३ मध्ये साधारण ५५७ अब्ज डॉलर दान झालं, त्यातलं दोन तृतीयांश जित्याजागत्या माणसांनी दिलेलं, कंपन्यांचा वाटा त्यात अगदी लहान.

मी क्लासमध्ये महर्षी कर्व्यांवर बोलले. आधी स्वतःच्या शिलकीतून घातले, मग वर्षानुवर्षं लोकांच्या दारात उभे राहिले, आणि १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले, आईचं नाव विद्यापीठाला द्यायच्या अटीवर. एसएनडीटी हे नाव कुठून आलं ते ऐकून सगळे चकित झाले. रोसोंनी जे शिकवलं ते आपल्या अण्णा कर्व्यांनी त्याच्या कितीतरी आधी पायाला भिंगरी लावून केलेलं होतं, हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच.

मग कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र पण सांगितलं, बोर्डिंगातल्या पोरांसाठी विकलेलं. सांगता सांगता मला तुझ्या पाटल्या दिसल्या. शेवटचे तीन महिने अभ्यासिका सांभाळणाऱ्या मंगलताईंचा पगार द्यायला तू त्या गहाण ठेवल्यास आणि मला सहा महिन्यांनी कळलं. चिमे, आपण साताऱ्यात त्या मंगळसूत्राची गोष्ट ऐकत मोठ्या झालो, त्यागाची गोष्ट म्हणून, आणि ती आहेच. पण आता मला वाटतं की पुढच्या कोणत्याही बाईवर ती वेळ येऊ नये एवढी तरी व्यवस्था आपण उभी करायला हवी.

आपण प्रपोजलमध्ये पगार लिहायलाच घाबरायचो ना? सगळा पैसा मुलींवर खर्च होतो असं अभिमानाने सांगायचो. मंगलताई म्हणजेच तर अभ्यासिका होती! त्या नसत्या तर पुस्तकं नुसती कपाटात पडली असती. इथे २०१३ मध्ये संस्थांची माहिती ठेवणाऱ्या तीन मोठ्या संघटनांनी मिळून देणगीदारांना जाहीर पत्र लिहिलं की पगार, कार्यालय अशा वरखर्चाच्या टक्क्यावरून संस्थेची लायकी ठरवू नका. ते वाचलं आणि पहिला विचार आला, हे आपल्याला तेव्हा कोणी का नाही सांगितलं. आणि तिकडे भारतात अजूनही तेच, परदेशी देणगी घेतली तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, २०२० च्या आधी ५० होते. लहान संस्थेने अकाउंटंट ठेवायचा कसा?

बरं, आता काम. इथे लायबंट असा एक शब्द आहे, म्हणजे गेल्या वर्षी दिलं पण यंदा नाही अशा माणसांची यादी. नवा देणगीदार शोधण्यापेक्षा या माणसाकडे परत जाणं सोपं असतं, कारण त्याने एकदा आपल्यावर विश्वास टाकलेला असतो. आपल्याकडे अशी किती माणसं होती ते मला मोजायचंय, सेमिस्टरच्या पेपरसाठी, आणि खरं सांगू तर पेपर हे निमित्त आहे. तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत पावती पुस्तकं होती, निळ्या पुठ्ठ्याची, वाळवी लागली नसेल तर काढ. स्थळप्रतींचे फोटो काढून पाठव, नाव, गाव, रक्कम, तारीख दिसेल असे. एकदम सगळं नको करूस, रोज एक पुस्तक. मी इकडे एक्सेलमध्ये भरते.

आणि मंगलताईंचा नंबर असेल तर दे. मला त्यांच्याशी बोलायचंय.

तुझीच,
मी

ता.क. पाटल्या सोडवल्यास का ते तू अजून सांगितलेलं नाहीस.