नाताळचं वेलिंग्टन, दोघांसाठी

प्रिय बाळा,

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून सगळं सांगायचं राहून गेलं. नाताळच्या रात्री तुमच्या दोघांसाठी बीफ वेलिंग्टन, म्हणजे मशरूम आणि पफ पेस्ट्रीत गुंडाळून भाजलेला गोमांसाचा तुकडा, करायचं ठरवलंस हे ऐकून फार बरं वाटलं. लग्नानंतरचा तुमचा हा पहिला नाताळ, आणि तिच्यासाठी तू स्वतः रांधणार आहेस.

तुझ्या आईसाठी मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा संध्याकाळी सहाला कामाला लागलो होतो. बश्या टेबलावर आल्या साडेनऊला. तोवर ती एकटीच बसून होती. मेणबत्ती निम्मी संपली होती, मेण ओघळून टेबलक्लॉथवर आलं होतं आणि ती ते नखानं खरवडत बसली होती. पेस्ट्रीचा तळ ओला राहिला होता, मांस आतपर्यंत करडं झालं होतं. ती एका शब्दानं बोलली नाही, बशीतलं सगळं संपवलं. पण इतकी वर्षं झाली तरी मला आठवतं ते तिचं मेण खरवडणं. म्हणून तुला एकच आग्रहानं सांगतो. निम्म्याहून जास्त काम आदल्या दिवशी उरकून टाक. त्या रात्री तुझी जागा तिच्या समोरच्या खुर्चीवर आहे. आणि आदल्या दिवशी केल्यानं पदार्थही चांगला होतो. कसा, ते सांगतो.

मांस अर्ध्या किलोचं घे, फिलेटच्या मधल्या भागाचं. निमुळत्या टोकाकडचं नको. साधारण ७ सेंटिमीटर जाड आणि १२ सेंटिमीटर लांब असा तुकडा दोघांना भरपूर होतो. हा पाठीच्या कण्याखालचा स्नायू. जनावर चालतं-फिरतं तेव्हा त्याला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून तो इतका मऊ असतो. आदल्या दिवशी सकाळीच त्याला मीठ लाव आणि फ्रिजमध्ये उघडा ठेव. मिठानं आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी मांसात परत मुरतं आणि वरची बाजू कोरडी होते. कोरडं मांस तव्यावर पटकन रंग धरतं.

दुपारी जाड बुडाचा तवा धूर येईपर्यंत तापव. प्रत्येक बाजूला अर्धा-पाऊण मिनिट, दोन्ही टोकांनाही. भाजल्यानं रस आत कोंडला जातो असं पुष्कळ जण सांगतील, ते खरं नाही. भाजायचं ते चवीसाठी. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातली प्रथिनं आणि साखर यांच्यातून तो तपकिरी रंग आणि खमंगपणा तयार होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. पेस्ट्रीच्या आत एकदा मांस गेलं की ते वाफेतच शिजतं, तिथे त्याला रंग येणं शक्य नाही. जो काय खमंगपणा आणायचा तो याच तीन-चार मिनिटांत. तव्यावरून काढल्या काढल्या, गरम असतानाच, मस्टर्ड चोळ आणि पूर्ण गार होऊ दे.

आता मशरूम. सगळा पदार्थ इथे तरतो किंवा बुडतो. मशरूममध्ये दहातले नऊ भाग पाणीच असतं, आणि ते पाणी तू काढलं नाहीस तर पेस्ट्री ते पिऊन घेते. माझा तळ ओला राहिला तो यामुळेच. मी दहा मिनिटांत झालं म्हणून उतरवलं होतं. पाव किलो मशरूम अगदी बारीक चिरून रुंद पॅनमध्ये तेलाशिवाय टाक, चिमूटभर मीठ घाल. आधी ते पाण्यात खदखदतील. ढवळत राहा आणि आवाजाकडे कान दे. पंधरा-वीस मिनिटांनी खदखद थांबते आणि कोरडा चरचर आवाज येऊ लागतो. पळी फिरवलीस की पॅनचा तळ दिसतो आणि वाट तशीच उघडी राहते, बाजूनं पाणी भरून येत नाही. तेव्हा लोणी, लसूण आणि थाइम या सुगंधी वनस्पतीची पानं घालून दोन मिनिटं परतून घे. पाव किलोचं मूठभर उरेल. उरू दे.

रात्री क्लिंग फिल्मवर (स्वयंपाकातलं पातळ प्लास्टिक) पार्मा हॅमचे, म्हणजे खारवून सुकवलेल्या इटालियन डुकराच्या मांसाचे, पाच-सहा पातळ काप एकमेकांवर थोडे चढवून मांड, त्यावर गार झालेलं मशरूम पातळ पसर, मध्ये मांस ठेव आणि फिल्मच्या आधारानं घट्ट गुंडाळ. दोन्ही टोकं पिळून बांध. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की त्याला गोल, घट्ट आकार येतो. रेड वाइनचा सॉसही त्याच रात्री आटवून ठेव.

दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त पेस्ट्री गुंडाळायची. लोण्याचीच पफ पेस्ट्री विकत घे, ती घरी करायचा हट्ट धरू नकोस. सहा वेळा तीन पदरी घडी घातली की लोण्याचे ७२९ थर होतात, आणि ते काम करण्याची ही वेळ नव्हे. पण ती फुलते कशी ते समजून घे. थरांतलं पाणी आचेनं वाफ होऊन पदर वर उचलतं, आणि मधलं लोणी त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. ओव्हनमध्ये जाण्याआधीच लोणी वितळलं तर पदर सुटत नाहीत, नुसता जाड पापुद्रा होतो. म्हणून पेस्ट्री गार, मांस गार, तुझे हातही गार हवेत. ३ मिलिमीटर जाड लाट, अंड्याचा बलक लावून गुंडाळ, जोड खालच्या बाजूला घे, टोकांची जास्तीची पेस्ट्री कापून टाक. दुहेरी थर आत कच्चा राहतो. वरून पुन्हा बलक, सुरीच्या बोथट बाजूनं हलक्या रेघा, आणि पुन्हा फ्रिजमध्ये.

वेळेच्या बाबतीत माझी दुसरी चूक तू करू नकोस. मी सहा जणांच्या कृतीवरून दोघांचा हिशेब मांडला होता. उष्णता आत जाते ती जाडीतून, लांबीचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. त्यामुळे दोघांच्या तुकड्यालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. मी निम्म्या वेळात बाहेर काढलं, पेस्ट्री फिकी दिसली म्हणून परत आत ढकललं, आणि त्या ये-जा करण्यात मांस करडं झालं. ओव्हन २२० अंशांवर, ट्रे आतच तापत ठेवलेला. पंचवीस-तीस मिनिटं. घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेव. टोकाकडून टोचून मधोमध ४८ ते ५० अंश दिसले की बाहेर काढ. दहा मिनिटं जाळीवर मुरताना आतलं तापमान आणखी पाचेक अंश चढतं आणि मधला भाग गुलाबी राहतो. तिला गुलाबी आवडत नसेल तर ५६ पर्यंत जाऊ दे. हे आधी तिला विचार. सुरक्षिततेसाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं सांगितलेला आकडा ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती असा आहे. गरोदर किंवा आजारी माणूस जेवायला असेल तेव्हा तोच पाळायचा.

नावाबद्दल तू विचारलं होतंस. वॉटर्लूला १८१५ मध्ये नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हा. आपल्याला तो आधीपासून माहीत आहे. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली हाच. या पदार्थाशी त्याचा संबंध मात्र कुठे सिद्ध झालेला नाही. नाव छापील स्वरूपात सापडतं ते त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळानं.

सोबत भाजलेले बटाटे आणि हिरव्या शेंगा पुरेत. ट्रे ओव्हनमध्ये गेला की ॲप्रन काढून ठेव. ती पंचवीस मिनिटं आणि मुरण्याची दहा मिनिटं तिच्याजवळ बस. उठायचं ते फक्त थर्मामीटरसाठी.

दातेरी सुरीनं काप, दाबू नकोस, तीन-तीन सेंटिमीटर जाड. टोकांचे दोन काप जास्त शिजलेले असतील, ते बाजूला ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गारच खा, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पेस्ट्री लिबलिबीत होते.

तुझे,
बाबा