टाकीच्या झाकणाचं भोक

निफाड, १२ ऑगस्ट

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास. "आई, तू विमान चालवतेस का?" हे तुझं म्हणणं बरोबरच आहे, त्याचा राग नाही. हे पत्र मामाकडे पाठवतेय, तो कागदावर काढून देईल. फोनवर तू अर्धंच वाचतेस.

गुरुवारी तू एकटी विमान घेऊन नैरोबीच्या विल्सन विमानतळाहून नाकुरू, तिथून एल्डोरेट आणि परत येणार. इंधनाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तू ज्या वैमानिक बाईचं नाव सांगितलंस ती, बेरिल मार्कहॅम, मी सगळी वाचून काढली. नाकुरू सोडलंस की डाव्या हाताला न्जोरो येईल. तिच्या वडिलांची शेती तिथे होती. १९०२ चा जन्म, इंग्लंडमधला. चार वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा केनियात आली. आई थोड्याच दिवसांत मुलाला घेऊन इंग्लंडला परतली आणि ही वडिलांजवळ राहिली. त्या ओळीपाशी मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, बाबांनी पुढचं वाचून दाखवलं. आजूबाजूच्या आफ्रिकी पोरांबरोबर अनवाणी वाढली, भाला फेकायला शिकली, घोड्यांमध्ये वाढली. दुष्काळाने शेती बुडाली, वडील पेरूला निघून गेले, आणि विशी गाठायच्या आत हिने शर्यतीचे घोडे तयार करण्याचा परवाना काढला. १९२६ साली तिच्या घोडीने नैरोबीची सेंट लेजर ही शर्यत जिंकली. त्या घोडीचे पाय दुखरे होते. पायावरून हात फिरवून उष्णता कुठे आहे ते बघायचं, सूज चढायच्या आधी ओळखायचं, हे शेतावरचंच शिक्षण. तू गाईच्या कासेला हात लावून सांगायचीस ना अप्पांना, तसंच.

तिशीच्या आत विमान शिकली. तिथल्या धंद्याच्या परवान्यासाठी इंजिन खोलून त्यातले जेट, म्हणजे इंधनाची बारीक छिद्रं, साफ करता यावी लागत. टपाल नेलं, औषधं नेली, वरून हत्तींचे कळप शोधून शिकाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्या. केनियातल्याच वोईच्या अपघाताचं मी लिहिणार नव्हते. मे १९३१ मध्ये तिचा एक जवळचा माणूस तिथून उडाला आणि लगेच कोसळला. त्यानंतरही ती उडत राहिली. मला त्या बाईचा अभिमान वाटतो आणि वाचताना हात गार पडतात, दोन्ही एकदमच.

मग ४ सप्टेंबर १९३६. इंग्लंडच्या अबिंग्डनहून अटलांटिक ओलांडायला पश्चिमेकडे निघाली. व्हेगा गल विमान, २०० अश्वशक्तीचं इंजिन, केबिनमध्येही जादा टाक्या, रेडिओ नाही. वारा सगळा समोरचा. एक टाकी पूर्ण रिकामी होऊन इंजिन बंद पडेपर्यंत थांबायचं आणि मग अंधारात दुसरीची तोटी उघडायची. २१ तासांहून जास्त उडली. शेवटच्या टाकीला इंधन होतं, पण तिच्या हवेच्या वाटेत बर्फ धरला, पुरवठा तुटला आणि नोव्हा स्कोशियातल्या दलदलीत विमान नाकावर उतरलं. कपाळाला खोक पडली, जीव वाचला. पूर्वेकडून पश्चिमेकडे एकटीने अटलांटिक ओलांडणारी पहिली बाई.

बघ, इंधनाशीच आले. पण सई, हे मला कळतं. ट्रॅक्टरच्या टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल जितकं खाली जातं तितकी हवा आत यायला हवी. भोक चिखलाने बुजलं की आत ओढ तयार होते. गाडी रिकामी चालते, नांगर लावला की अर्ध्या तासात दम टाकते. सगळे फिल्टर बदलतात, पंपाला दोष देतात, हवा काढत बसतात. झाकण सैल करावं, फुस्स आवाज येतो आणि गाडी चालू. टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी. तिच्या विमानाचं तेच झालं.

म्हणून निघण्याआधी डाव्या पंखाखाली, टेकूच्या मागे ती हवेची नळी आहे ना, तिथे बोट लावून बघ. नुसती नजर टाकू नकोस. कुंभारीण मातीचं घर करायला असलंच भोक शोधते. काट्यावर विश्वास नको, पंखावर चढून टाकीत दांडी टाक. तळातलं इंधन बाटलीत काढ, प्रत्येक तोटीतून, भरून झाल्यावर थोडं थांबून पुन्हा. पाणी जड, खाली बसतं, तळाशी थेंब लोळताना दिसतो. पण बाटली अगदी स्वच्छ पांढरी दिसली तर हुरळू नकोस. रंग निळसर हवा. निळसर नसेल तर बाटलीत सगळं पाणीच असू शकतं. बाटली पंखाच्या सावलीत नको, उजेडात धर.

परतताना वारा पूर्वेचा असेल, म्हणजे तुझ्या तोंडावर. एल्डोरेट ते विल्सन सुमारे १४० नॉटिकल मैल. शंभर नॉटने, म्हणजे ताशी शंभर नॉटिकल मैलांनी, ८४ मिनिटं. वीस नॉट समोरून खाल्ले तर १०५. ताशी ३२ लिटर धर, म्हणजे ११ लिटर जास्त. नियमाने अर्ध्या तासाचं शिल्लक चालतं, तू एका तासाचं ठेव. रिफ्ट दरीचा कडा वाऱ्याच्या आडोशाने येताना विमान खाली ओढलं जातं. दोन हजार फूट हातात असू देत आणि कडा तिरका गाठ, म्हणजे वळून मागे फिरता येईल. ऑगस्टमध्ये तिकडे सकाळी ढग खाली असतात असं मामा म्हणतो. ओल्या हवेत ऊन असलं तरी कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. आरपीएम हळूहळू उतरतो. गरम हवेची खेच पूर्ण ओढायची, अर्धवट नाही. आधी आणखी उतरेल, खडखडेल, कारण वितळलेलं पाणी इंजिनातून जातं. घाबरून परत ढकलू नकोस, मग सुधारतं.

हे सगळं तुझ्या सरांनी सांगितलंच असेल. मी शिकवायला लागले, चुकलं. कालही तेच केलं. तुझा आवाज ऐकायचा होता आणि मी लिटर विचारत बसले.

ती पुढे केनियाला परतली, पुन्हा घोडे, पुन्हा डर्बी जिंकल्या. १९८६ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीत गेली, ८३ वर्षांची होऊन. बाबांनी तो आकडा दोनदा वाचला.

मेतकूट मामाच्या डब्यात खालच्या बाजूला आहे. अप्पांना गुरुवारचं सांगितलेलं नाही, संध्याकाळी सांगू.

उतरल्यावर आधी दांडी टाक, मग मला फोन कर. किती लिटर उरले तेवढंच सांग, बाकी काही बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी,
आई