राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळे बघतात, आमच्या तलावाची कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आलाय म्हणून घाईनं लिहितोय. थोड्याच दिवसात कोल्हापुरातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे फूट-इंच यायला सुरू होतील. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे आता पोरांना पाढ्यासारखे पाठ झालेत. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी कितवा उघडला हे रात्री दोनला पण कळतं. 2019 ला 55 आणि 2021 ला 56 फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्यांनी घरात बघितलंय त्यांना ते कळायलाच पाहिजे. पण आम्ही डोंगराकडची माणसं, आमच्या वाडीच्या डोक्यावर एक मातीचा तलाव आहे आणि त्याची पातळी आजपर्यंत कुठल्याच ग्रुपवर आलेली मी बघितली नाही. येणार तरी कशी, त्याची मोजपट्टीच गाळात गेलीय.

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण भुदरगड, राधानगरी, शाहूवाडी कुठंही गेलात तर असा तलाव सापडेल. कागदावर तो पाटबंधाऱ्याचा, उसाला पाणी द्यायचा. पण आमच्यासाठी तो पुराचा पण बांध आहे. तलाव व्हायच्या आधी वगळीला, म्हणजे ओढ्याला, लोंढा आला की खालच्या गल्लीत पाणी शिरायचं, जनावरं सोडून देवळाच्या माळावर न्यायला लागायची, हे मी लहानपणी बघितलंय. तलाव झाला आणि पहिल्या पावसाचं पाणी तो पोटात घ्यायला लागला, मग लोकांनी ओढ्याच्या कडेला बिनधास्त घरं बांधली, गोठे बांधले, आता तर तिथं अंगणवाडी पण आहे. म्हणजे तलावामुळं जो धोका कमी झाला त्याच भरवशावर आम्ही त्याच्या वाटेत जाऊन बसलोय. आणि भरवसा ज्याच्यावर ठेवलाय त्याच्याकडं बघायला कोण नाही.

कोल्हापूरच्या माणसाला बंधारा पाण्याखाली गेला याची भीती वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही आपल्याच जिल्ह्याच्या नावानं राज्यभर ओळखली जाणारी चीज, पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे, पाणी वरनं जाऊ द्यायचं, दिवाळीच्या सुमाराला परत बरगे घालायचे. "अमुक बंधारे पाण्याखाली" ही तर दर जुलैतली बातमी आहे. दगड-काँक्रीटच्या बंधाऱ्यावरनं पाणी गेलं तर फक्त वाहतूक बंद पडते. पण मातीच्या धरणाच्या माथ्यावरनं पाणी पडायला लागलं की ते पलीकडचा उतार खरवडत खरवडत मागं सरकतं आणि बघता बघता खिंडार पडतं. म्हणून मातीच्या धरणाला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, हा जीव की प्राण. आमच्या सांडव्याच्या तोंडाला आज काय आहे? रानमोडी आणि घाणेरी पुरुषभर वाढलीय, मध्ये दरड घसरून आलेला मुरूम आहे, आणि दोन वर्षांमागं उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून आपल्याच काही शेतकऱ्यांनी मातीच्या पिशव्या लावलेल्या त्या पण तिथंच आहेत. हे सांगताना मला वाईट वाटतं कारण पिशव्या लावणाऱ्यात आमच्याच भावकीतली माणसं होती. त्यांना वाटलं दीड फूट पाणी जास्त मिळंल. पण तो दीड फूट भरावाच्या, म्हणजे धरणाच्या मातीच्या बांधाच्या, सुरक्षेसाठी मोकळा ठेवलेला असतो हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट गळतीची, आणि माझं मुख्य म्हणणं तिच्याबद्दलच आहे. गेल्या साली ऑगस्टमध्ये तलाव तुडुंब असताना आमचे जुने पाटकरी (पाटाचं पाणी सोडणारे) आबा मला घेऊन भरावाच्या पायथ्याला गेले. त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढं, नोकरी संपून जमाना झाला तरी पाऊस लागला की काठी घेऊन एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. विमोचकाच्या, म्हणजे तलावातनं पाणी सोडायच्या, पाइपाच्या डाव्या अंगाला गवतातनं पाणी निघत होतं, मनगटाएवढी धार. आबांनी पिशवीतनं स्टीलचा तांब्या काढला, धारेखाली भरला आणि दगडावर ठेवला, म्हणाले, "बस जरा, तंबाखू खाऊया." पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी तांब्यातलं वरचं पाणी हळूच ओतून टाकलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. तळाला नखाएवढा जाड तांबडा थर होता, बोटानं चोळला तर पिठासारखा मऊ. आबा म्हणाले, "धरान पाझरतंय याला भ्यायचं नाही पोरा, समदी धरनं पाझरत्यात. पाण्यासंगं माती आली की भ्यायचं."

आबांचं हे बोलणं पुस्तकातल्यासारखंच खरं आहे, नंतर मी माहितगार माणसांना विचारून खात्री करून घेतली. स्वच्छ पाझर हा मातीच्या धरणाचा स्वभाव आहे, त्यासाठी तर पायथ्याला दगडी निचरा ठेवतात आणि धारेत व्ही नॉच, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेची पट्टी, बसवतात म्हणजे रोज किती पाणी निघतंय ते मोजता येतं. पण पाणी गढूळ यायला लागलं म्हणजे आत वाट तयार होतेय, भराव आतनं वाहून चाललाय. ती वाट बहुतेक विमोचकाच्या पाइपाच्या कडेनं नाहीतर जुन्या झाडाच्या कुजलेल्या मुळाच्या जागेतनं होते. म्हणून भरावावर झाड वाढू द्यायचं नसतं, आणि मोठं झालेलं झाड नुसतं कुऱ्हाडीनं तोडून पण चालत नाही, मूळ काढून तिथं माती भरून कुटून घ्यावी लागते. आमच्या भरावावर करंजाची आणि बाभळीची मिळून अकरा झाडं आहेत, मी स्वतः मोजलीत. घुशी आणि खेकड्यांची बिळं वेगळीच. तिवरे धरण फुटलं त्या वेळेला खेकड्यांवरनं बरीच चर्चा झाली होती. बिळं पडतात हे खरंच आहे, पण वर्षातनं दोनदा फिरून ती शोधायची आणि बुजवायची हे ज्याचं काम, तो माणूस जाग्यावर आहे का हे आधी बघायला पाहिजे.

दुसऱ्याच दिवशी मी तो तांब्या फडक्यात गुंडाळून संबंधित ऑफिसात घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी बघितला, वाईट वागले असं मी म्हणणार नाही, चहा पण दिला. पण उत्तर काय तर "एवढी गळती असतेच, पावसाळ्यानंतर बघू." त्यांच्याकडं असे किती तलाव आणि त्याला माणसं किती हे पण त्यांनी सांगितलं आणि ते ऐकून मलाच त्यांची कीव आली. पावसाळा संपला, पाणी उतरलं, धार बारीक झाली, आणि विषय पण संपला.

मेघोली आठवते का? आपल्याच भुदरगडमधली, 1 सप्टेंबर 2021 ची रात्र. तलाव फुटला, एका बाईचा जीव गेला, जनावरं गेली, भाताची आणि उसाची शेतं दगडगोट्यांची झाली. तिथली पण गळती लोकांना वर्षानुवर्षं माहीत होती. त्याच्या दोन वर्षं आधी 2 जुलै 2019 ला चिपळूण तालुक्यात तिवरे फुटलं, तेही रात्रीच, वीसपेक्षा जास्त माणसं झोपेच्या वेळेला गेली. तिथं पण तक्रारी आधी झालेल्या होत्या. दोन्हीकडं लोकांनी बघितलं होतं, सांगितलं होतं, आणि ते कागदावर कुठंतरी पडून राहिलं.

2021 च्या डिसेंबरात केंद्राचा धरण सुरक्षा कायदा आला. त्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं येतात, 10 ते 15 मीटरची काही अटींवर येतात. त्याच्या खालची येत नाहीत. आमचा तलाव 10 मीटरच्या आतला. कायदा करणाऱ्यांचा हिशोब मला समजतो, मोठ्या धरणाखाली मोठी गावं, मोठी शहरं असतात. पण पाण्याचा लोंढा पाचशे मीटरवरच्या अंगणवाडीपर्यंत यायला किती मिनिटं लागतील याचा विचार केला की उंचीचा मीटर काय कामाचा असं वाटतं. मोठ्या धरणाखालच्या लांबच्या गावांना निदान थोडा वेळ तरी मिळतो. आम्हाला अंगावर घोंगडं घ्यायला पण वेळ मिळणार नाही.

आमचं मागणं फार नाही. जून ते ऑक्टोबर एक माणूस, गावातलाच चालेल, त्याला थोडं शिकवून रोजंदारी द्या, एक मोजपट्टी, एक वही. रोज पाणी किती, धार किती, पाणी स्वच्छ का गढूळ, एवढं लिहायचं आणि ते पान चावडीवर लावायचं. व्ही नॉच गाळात पुरलाय तो उकरून काढा. आणि रात्री इशारा द्यायची काहीतरी सोय करा, कारण धुवाधार पाऊस लागला की आमच्याकडं पहिल्यांदा लाईट जाते, मग मोबाईलची रेंज जाते, देवळाचा भोंगा पण लाईटवरच. त्याला बॅटरी बसवायला वर्गणी आम्ही काढलीय, ते काम या आठवड्यात होईल.

सांडव्याचं तोंड मोकळं करायला एक जेसीबी आणि दोन दिवस पुरेसे आहेत. पिशव्या ज्यांनी लावल्या तेच काढायला तयार झालेत, आबांनी त्यांना भरावावर नेऊन सगळं दाखवलं. डिझेलचा खर्च ग्रामपंचायत करते म्हणतेय. पण तलाव सरकारी, विनापरवाना मशीन घातलं तर गुन्हा आमच्यावर. परवानगीचं एक पत्र पाहिजे, आणि ते आम्ही मार्चपासून मागतोय.

आपला नियमित वाचक,
जि. कोल्हापूर