शाळेला भिंती लागतात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला डच शाळा आणि ग्रंथालयांवरचा पानभर लेख वाचला आणि रात्री उशिरापर्यंत चिडचिड होत राहिली, म्हणून आज सकाळी कामाला लागण्याआधीच हे पत्र लिहिते आहे. बरीच वर्षं मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये राहते. आपलं वृत्तपत्र इथूनही न चुकता वाचते, म्हणूनच राग जास्त आला.

आधी छायाचित्राविषयी. लेखाच्या माथ्यावर जे सर्वांत मोठं छायाचित्र आहे, ते नेदरलँड्समधलं नाहीच. छतापर्यंत लाटांसारख्या चढत गेलेल्या पांढऱ्या फळ्या आणि मधोमध चकचकीत गोल, हे चीनमधल्या त्यानजिन शहरातलं बिनहाई ग्रंथालय आहे. २०१७ साली ते सुरू झालं. रचना रॉटरडॅमच्या एमव्हीआरडीव्ही या वास्तुरचनाकारांची, एवढाच त्याचा डचांशी संबंध. आपण मात्र खाली ‘हॉलंडमधील एक ग्रंथालय’ असं छापून मोकळे झालात. त्या वरच्या फळ्यांवर पुस्तकं नाहीत, पुस्तकांची चित्रं छापलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आहेत. मूळ आराखड्यात मागच्या खोल्यांतून त्या फळ्यांपर्यंत पोचायची वाट होती, ती बांधताना गाळली गेली. आमचा सल्ला डावलून हे झालं, असं त्या वास्तुरचनाकारांनीच जाहीरपणे सांगितलं आहे. हे वाचकांना कळायला हवं होतं. याच संस्थेचं डच ग्रंथालय हवं होतं तर रॉटरडॅमजवळच्या स्पायकेनिसचा ‘पुस्तकांचा डोंगर’ आहे, २०१२ सालचा. वर काचेचं छप्पर, आत पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी पुस्तकं, आणि फळ्या जुन्या प्लास्टिकच्या कुंड्या वितळवून केलेल्या. तिथे खरी पुस्तकं आहेत. उन्हानं ती खराब होणार नाहीत का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर असं की, लोक घरी नेतात ती पुस्तकं तशीही चारेक वर्षांत झिजतात. हे उत्तर मला पटतं. जिथे पुस्तकं झिजतात तिथे ती वाचली जातात.

पण छायाचित्राची चूक मी एका ओळीच्या दुरुस्तीवर सोडून दिली असती. राहवलं नाही ते लेखातल्या एका वाक्यानं: ‘डच मुलांच्या शाळांनी भिंती पाडल्या, आपण कधी पाडणार?’ लेखकमहाशयांनी अशा शाळेत चालू दिवशी, मुलं आत असताना, तासभर बसून पाहिलं आहे का?

आम्ही पाहिलं आहे. आमची मुलगी ज्या शाळेत होती ती नव्या इमारतीत गेली, तेव्हा ती ग्रुप चारमध्ये होती, म्हणजे आपल्याकडची दुसरी. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या शिक्षिकांनी आमच्या मुलांइतकंच सोसलं. जुनी शाळा बसकी, विटांची, दार लावलं की वर्ग आपला. नवी शाळा लाकूड आणि काच, मध्ये रुंद पायऱ्या, आणि वर्गांच्या जागी एक मोठं अंगण. इथे त्याला ‘लेअरप्लाइन’ म्हणतात. तीन गट एकाच जागेत. एकीकडे पाढे चाललेत, दुसरीकडे बाई गोष्ट वाचून दाखवताहेत, तिसरीकडे कोणाचा तरी वाढदिवस म्हणून गाणं सुरू झालंय. इथे वाढदिवसाचं गाणं टाळ्या वाजवत, सगळ्या वर्गानं मिळून म्हणायचं असतं. मासळीबाजार झाला होता नुसता. मग शाळेनं एक टोपली आणून ठेवली. टोपलीत रस्ता खणणारे कामगार कानाला लावतात तसे जाडजूड कानरक्षक. सात-आठ वर्षांची पोरं ते लावून गणितं करत बसायची. कोणाच्या डोक्याला ते मोठे व्हायचे आणि पुन्हापुन्हा मानेवर घसरायचे.

आमची मुलगी एरवी बडबडी. ती घरी येऊन सांगू लागली की गोष्टीचा शेवट ऐकूच येत नाही. काही दिवसांनी बाईंकडून कळलं की वाचनाच्या तासाला ती कोट टांगायच्या जागेत जाऊन बसते. ओळीनं हुक, खाली दप्तरं, वर सगळ्यांचे ओले रेनकोट, आणि त्या कोटांच्या मागे, भिंतीला पाठ लावून, मांडीवर पुस्तक. त्या अख्ख्या इमारतीत मुलांच्या वाट्याला आलेली आवाज अडवणारी जागा तेवढीच होती. बाईंनी तिला तिथून उठवलं नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

पालकसभा झाली. आम्ही बोललो, डच पालक आमच्याहून जास्त बोलले. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, आवाज मोजलात का? उत्तर मिळालं की मुलांना सवय होईल आणि ही उद्याची शाळा आहे. इमारतीच्या माहितीपत्रकात सुंदर छायाचित्रं होती. सगळी सुट्टीच्या दिवशी काढलेली, एकाही छायाचित्रात मूल नाही. पुढे कपाटं आडवी लावली गेली, मग जाड पडदा आला, आणि शेवटी सरकत्या काचेच्या भिंती बसवल्या. त्यांचा खर्च कोणी करायचा यावरही पत्रापत्री चालली, कारण इथे नवी शाळा बांधण्याचा पैसा नगरपालिकेचा आणि देखभालीचा भार शाळेच्या मंडळाचा. २०१५ पासून प्राथमिक शाळांच्या बाहेरच्या बाजूची डागडुजीही मंडळाच्याच गळ्यात आली आहे. तोवर आम्ही मुलीला दुसऱ्या शाळेत घातलं होतं. मैत्रिणी सुटल्या म्हणून ती किती रडली ते लिहीत नाही.

आणि आपण विचारता, आपण कधी पाडणार!

लेखात डच वास्तुरचनाकार हर्मन हर्ट्झबर्गर यांचं नाव आहे, तेही भिंती पाडणाऱ्यांच्या यादीत. हे तर फारच झालं. त्यांनी १९६० च्या दशकात डेल्फ्टला बांधलेली माँटेसरी शाळा वास्तुकलेचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. तिथला प्रत्येक वर्ग इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा वळलेला आहे. का? तर एका कोपऱ्यात रंगकाम, चिखलकाम, पाणी सांडणं चाललं असेल तरी दुसऱ्या कोपऱ्यात आकडेमोड करणाऱ्या मुलाला त्रास होऊ नये. दोन भागांत पायऱ्यांचा फरक आहे, खालचा भाग पसाऱ्याचा, वरचा एकाग्रतेचा. वर्गाच्या दाराशी उंबरठ्यासारखी जागा आहे, आत-बाहेर करणाऱ्या मुलानं तिथे घटकाभर रेंगाळावं म्हणून. सामाईक दालनाच्या मधोमध विटांचा एक चौथरा आहे. वाटेत येतो, आणि येतो म्हणूनच मुलं त्याच्यावर बसतात, नाटक करतात, त्याच्याभोवती जमतात. बालवर्गात जमिनीत एक चौकोनी खड्डा आहे, लाकडी ठोकळ्यांनी भरलेला. ठोकळे बाहेर काढले की ती झाली बसायची आसनं, आणि खड्ड्यात उतरून बसलं की ते झालं घर. मोकळेपणा हा असा असतो. आधी मुलाला पाठ टेकायला कोपरा दिला, मग बाहेर यायला अंगण दिलं. अ‍ॅमस्टरडॅममधल्या त्यांच्या अपोलो शाळांतही (१९८०-८३) मधल्या दालनात बसायच्या पायऱ्या आहेत, पण शिकवायचे वर्ग कोपऱ्यांत, आपापल्या दारांसह.

त्याही आधीचं उदाहरण घ्या. अ‍ॅमस्टरडॅमलाच वास्तुरचनाकार यान डाउकर यांची १९३० साली पुरी झालेली खुल्या हवेची शाळा आहे, निरोगी मुलांनाही ऊन आणि वारा मिळावा म्हणून बांधलेली. तिच्यात एका मजल्यावर दोन बंद वर्ग आणि त्यांच्यात सामाईक असा एक उघडा वर्ग आहे. नुसती गच्ची करून त्यांनी मुलांना वाऱ्यावर सोडलं नाही.

भिंतींचं एवढं मनावर घ्यायचंच तर इथल्या शाळांसाठी ‘फ्रिस स्खोलन’ नावाचे निकष आहेत, त्यांवर लिहायचं होतं. हवा, तापमान, उजेड, आवाज आणि ऊर्जा यांवर शाळेच्या इमारतीला ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा श्रेणी त्यात ठरतात. कोविडच्या काळात तपासणी झाली तेव्हा कित्येक डच शाळांत पुरेशी हवाच खेळत नसल्याचं उघड झालं, आणि कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रांचं महत्त्व सगळ्यांना पटलं. मुलीच्या आताच्या वर्गातही भिंतीवर असं एक यंत्र आहे. दिवा लाल झाला की ज्याची पाळी असेल तो मुलगा उठून खिडकी उघडतो. शाळा साधीच आहे, पुरस्कार वगैरे काही नाही.

लेखात असंही म्हटलं आहे की मुलानं निसर्गात, मोकळ्यावर शिकावं ही कल्पना महाराष्ट्राला नवी आहे. संपादक महोदय, हे वाक्य आपल्या नजरेखालून कसं गेलं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं ते १९४५ साली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मूल जिथे आहे तिथे शाळा गेली. ज्या माँटेसरीबाईंच्या पद्धतीवर डेल्फ्टची शाळा उभी आहे, त्यांच्याच पद्धतीतून ताराबाईंनी आपल्या मातीतली बालवाडी घडवली. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं माँटेसरी भारतातच होत्या, आणि शेवटी १९५२ साली नेदरलँड्समध्ये नोर्डवाइकला वारल्या. डच आणि मराठी शाळांना जोडणारा हा खरा धागा लेखकाच्या हाताशी होता.

आता ग्रंथालयांविषयी, थोडक्यात. टिलबर्गच्या ‘लोकहाल’चं कौतुक योग्यच आहे. आमच्यापासून ते आगगाडीनं अर्ध्या तासावर, आम्ही नेहमी जातो. १९३२ सालची रेल्वे इंजिनांची शेड, तिचं २०१९ पासून ग्रंथालय झालं, आणि त्याच वर्षी जागतिक वास्तुमहोत्सवात ती वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली. जुने रूळ तसेच ठेवले आहेत आणि त्यांवरून चाकांची मोठमोठी टेबलं सरकवता येतात. मुलीचा हा आवडता उद्योग. पण आपण लिहिलंत की तिथे ‘शांतता पाळा’ ही कल्पनाच मोडीत निघाली. नाही निघालेली. त्या प्रचंड दालनात छतापासून लोंबणारे पडदे आहेत, पेट्रा ब्लेस यांच्या संस्थेनं रचलेले आणि त्याच शहरातल्या वस्त्रसंग्रहालयात विणलेले. टिलबर्ग हे मुळात लोकरीच्या गिरण्यांचं गाव. ते पडदे जागा वाटून देतात आणि आवाज मऊ करतात. शिवाय दार लावून बसायच्या खोल्या वेगळ्या आहेत. उट्रेख्तला १९२४ सालच्या टपाल कचेरीत २०२० पासून मुख्य ग्रंथालय आहे, तिथेही परीक्षेच्या दिवसांत शांत जागा मिळवायला विद्यार्थी दार उघडायच्या वेळी हजर असतात.

‘पुस्तकांचा जमाना संपला हे डचांनी ओळखलं’ या वाक्याला तर आधारच नाही. २०१५ च्या इथल्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयाची जी पाच कामं सांगितली आहेत, त्यात वाचनाची गोडी लावणं हे एक आहे. सार्वजनिक ग्रंथालयं प्राथमिक शाळांत जाऊन पुस्तकांची कपाटं लावतात, वाचनासाठी माणूस पाठवतात. याचं कारणही आहे. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत वाचनात डच मुलांची सरासरी ४५९ होती, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची ४७६, आणि पंधरा वर्षांच्या मुलांतली साधारण तिसरा हिस्सा मुलं किमान पातळीच्या खाली राहिली. इथले लोक या आकड्यांनी हादरलेले आहेत. पुस्तकं कपाटातून काढण्याच्या नव्हे, मुलांच्या हातात परत देण्याच्या खटपटीत आहेत.

जाता जाता आणखी एक. वाचनाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. रविवारच्या पुरवणीतलं मुलांचं पान गेले काही महिने दिसत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलीला देवनागरी वाचायला लावणं किती कठीण असतं हे ज्यांच्या घरी चालतं त्यांनाच ठाऊक. त्या पानावरची छोटी गोष्ट आणि शब्दकोडं हा आमचा रविवारचा ठरलेला पाठ होता. तिला जोडाक्षरं त्या कोड्यानं शिकवली. मी याबद्दल आधीही लिहिलं होतं, पोच आली नाही. कालच्या लेखाला जी पानभर जागा मिळाली, तिच्या चतुर्थांशात ते पान बसत होतं.

तरी छायाचित्राची दुरुस्ती येत्या रविवारी, लेख छापला त्याच पानावर छापावी. मुलांचं पान पुन्हा सुरू करणार असाल तर तारीख कळवावी, आणि कायमचं बंद केलं असेल तर तसं स्पष्ट छापावं. बरेच पालक अजून दर रविवारी ते शोधत आहेत.

आपली,
एक नियमित वाचक, आइंडहोवन (मूळ गाव सांगली)